तीन कुडी दोन गंडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. इथे जर्मनीत, कोलोनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या राजबंशी संशोधकाइतका मोजण्यात रमणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं ते रमणं मीच संपवलं.

तो नेपाळच्या तराईतला. त्याच्या भाषेतली जुनी मोजणी हाच त्याचा पीएच.डी.चा विषय. चाराचा गंडा, विसाची कुडी. आपली कोडीच म्हणा. तीन पेरं आणि टोक मिळून एक बोट म्हणजे गंडा, पाच बोटांचा हात म्हणजे कुडी. ट्रामची वाट बघतानाही त्याची बोटं पेरांवरून फिरत असायची. अंगठ्याला तर दोनच पेरं, मग चार कसे, असं विचारलं की म्हणायचा, "भागवून घ्यायचं, दादा." इथे अंडी दहाच्या खोक्यात मिळतात, याचं त्याला मनापासून दुःख होतं. बायको वैतागायची, "अहो, त्यांना अंडी सांगत जाऊ नका. एक खोकं सांगितलं की दोन आणतात." त्यावर तो दारातूनच म्हणायचा, "वहिनी, दहा म्हणजे अर्धा हात. अर्ध्या हाताने कुणाच्या दारात यायचं?"

गावाकडे त्याची एक म्हातारी आत्या होती. रेकॉर्डर दिसला की ती गप्प व्हायची. म्हणून दोन हिवाळे तिच्याशेजारी सुपाऱ्या मोजत बसून त्याने तिचा शब्दन् शब्द लॅपटॉपवर टिपला. अडुसष्ट सुपाऱ्या विकताना ती सतरा गंडे म्हणायची, कुणाला देताना तीन कुडी दोन गंडे. असं का, तेच त्याला शोधायचं होतं.

तक्ता नीट लावून द्या, म्हणून ती फाइल त्याने माझ्याकडे दिली. मी पडलो डेटावाला. हाताच्या सवयीने सगळे शब्द आकड्यांत बदलले. सतरा गंडे, अडुसष्ट. तीन कुडी दोन गंडे, तेही अडुसष्ट. मूळ फाइल दुबार म्हणून पुसून टाकली. महिन्याभरात त्याचा लॅपटॉप बिघडला आणि तो मूळ प्रत मागायला खाली आला.

"तुझी फाइल आली तेव्हाच खराब होती रे," मी म्हणालो.

तो म्हणाला, "माझीच चूक, दादा. भागवून घेऊ. आत्या आहे अजून."

त्याचं तिकीट निघायच्या आधीच आत्या गेली. गावी घरच्यांना त्याने सांगितलं, आत्याचे शब्द आपल्याच निष्काळजीपणामुळे गेले. पीएच.डी. सोडून तो र्युसेल्सहाइम या दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. या दिवाळीला आला तो अंड्यांचं एकच खोकं घेऊन. बायको आत जाता जाता माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आले बाई एकदाचे माणसांत." मी त्याच्या हाताकडे बघत होतो. बोटं मांडीवर नुसती पडलेली होती.

त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायला सोपं गेलं. फाइल खराब नव्हती, ती मी पुसली, एवढं त्याच्यासमोर बसून सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.