मांडवाच्या दारातला गोलकीपर

अन्याय झाला आमच्या गावाच्या फुटबॉल क्लबवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गाव सणानं सुस्तावलेलं असताना, कुणालाही न विचारता, गोदामासाठी मैदानाला कुंपण घातलं गेलं. क्लब बंद पडला.

गोलकीपर मात्र बंद पडत नाही. हे सायकलच्या दुकानातले काका. कुणी पाना फेकला तरी दोन्ही हातांनी छातीशी झेलतात. क्लबचे गोलखांब त्यांच्याच ताब्यात आहेत, आणि गावात लग्न असलं की मांडवाच्या दाराला तेच लागतात. गोल मारल्याशिवाय नवरदेवाला आत प्रवेश नाही, ही क्लबची जुनी रीत.

परवा चिकलठाण्याच्या नवरदेवानं बाशिंग सावरत लाथ हाणली. साठी उलटलेले काका धुळीत आडवे झाले आणि त्यांनी चेंडू पकडला.

"जावईबापू, लई नाजूक! आमच्या पोरीला बोलवा."

नवरीनं शालू खोचला आणि काकांच्या डोक्यावरून चेंडू थेट मांडवात घातला. वऱ्हाडाआधी काकाच नाचले. "कोण म्हणतं क्लब मेला? व्हय रे?"

आम्ही नाही म्हणत. मैदान गावाचं आहे. सोमवारच्या ग्रामसभेत या, आणि कुंपण काढा असं उभं राहून, मोठ्यानं सांगा.