फिजिक्समध्ये पहिली

धडगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. गेल्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनींना नीटमध्ये एकूण मार्क सारखेच पडले. अशा वेळी आधी बायोलॉजीचे मार्क बघतात. नियमात ते लिहिलेलं असतं, पण मी मेल्याने नियम कधी वाचलाच नव्हता. त्या दोघींतल्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीला मी दोन वर्षं बजावत होतो, "तुला जंगलातलं झाडन् झाड ठाऊक आहे, बायोलॉजी आपोआप येईल. तू फिजिक्स घोटून घे." तिने घोटलं. त्यांच्या प्रवर्गातली शेवटची जागा तिच्या मैत्रिणीला मिळाली. यादी बघून माझं डोकं फिरलं. ओरडायचं कुणावर, कळेना. तीच मला समजावत म्हणाली, "सर, फिजिक्समध्ये मात्र मीच पहिली आले."