टरबुजावर पाणी नाही

उत्तरेचा तापलेला वारा सुटून चौथा दिवस होता. हा वारा चार दिवस टिकला की कुणाला तरी घेऊनच जातो, असं तोबाती गावातले म्हातारे म्हणत, आणि सकाळपासून जो तो एकमेकांच्या तोंडाकडे बघत होता.

न्या इपोलिताला, गावच्या बोलीत इपोलिताबाईला, असल्या बोलण्याचा राग यायचा. तिचा विश्वास तिच्या उखळावर. बाजाराच्या कोपऱ्यात आंब्याखाली बसून तीस वर्षं ती पाला आणि मुळ्या कुटत आली होती. तो कूट बर्फाच्या पाण्यात टाकायचा आणि दिवसभर शिंगाच्या पेल्यातून नळीने तेरेरे हे कडवट गार पेय ओढायचं, त्याशिवाय तिथला उन्हाळा निघत नाही. पित्त झालं, झोप झाली नाही, बायकोशी वाजलं, प्रत्येकाला वेगळी मुळी. गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारण्याच्या भानगडीत ही बाई कधी पडली नाही. विचारायची एवढंच, "टरबूज खाल्लंस?"

खाल्लं म्हटलं की विषय संपला. टरबुजावर तेरेरे प्यायलं की माणूस मरतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इपोलिताने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिचा बाप दिवसभर वीटभट्टीवर भाजून घरी आला, टरबूज खाल्लं, वर तेरेरे प्यायला आणि अंगणातच आडवा झाला. दिवसभराच्या उन्हाचं नाव कुणी काढलं नाही. खापर फुटलं टरबुजावर.

आणि त्या दिवशी सकाळी तिचा नवरा सेवेरो पायरीवर बसून, हातात चमचा घेऊन, अर्धं टरबूज कोरून खाताना तिला सापडला.

"अरे, भट्टीवर जायचंय ना तुला?"

"म्हणून तर खातोय. पोट गार राहतं."

"खाल्लंस ते खाल्लंस. आता ऐक. तेरेरे नाही, बर्फाचं पाणी नाही. दिवस मावळेपर्यंत घोटभरसुद्धा काही नाही."

"इपोलिता, आज आगीच्या तोंडाशी माझी पाळी आहे."

"माझा बापही असाच बोलायचा. शपथ घे."

सेवेरोने तिच्याकडे नीट पाहिलं. ती वाट अडवून उभी होती. त्याने चमचा ठेवला आणि छातीवर क्रूस केला. "घेतली. तुझ्यापेक्षा भट्टी बरी बाई, ती निदान तोंड तरी चालवत नाही."

दुपारपर्यंत वाऱ्याने सगळी तांबडी धूळ बाजारात आणून ओतली. कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला पडल्या होत्या. भट्टीवरचा क्रेसेन्सिओ रिकामी सुरई घेऊन पाला न्यायला आला.

"सेवेरो पीत नाही ना रे?" तिने कुटता कुटता विचारलं.

"छे. पेला आला की पुढे ढकलतो. आम्ही म्हटलं, घे एक घोट, तुझ्या घरी कोण सांगायला जातंय. तर म्हणे शपथ आहे. बायकोला इतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या पाल्यात मूठभर पुदिना वरून टाकला.

"पण आमच्यात सुखी तोच," क्रेसेन्सिओ म्हणाला. "आम्ही नुसते निथळतोय आणि त्याचं अंग खडखडीत कोरडं. मघाशी तर म्हणाला, थंडी वाजतेय."

तिचा हात उखळातच थांबला. उन्हात घाम आटला आणि थंडी भरली म्हणजे काय, हे त्या गावात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तशा कितीजणांना तिने याच झाडाखाली वेळेवर पाणी पाजून उठवलं होतं.

"कधीपासून?"

"झाला असेल तासभर."

बर्फाच्या पाण्याची सुरई उचलून ती पळत सुटली. पाजलं तर टरबूज मारणार, नाही पाजलं तर ऊन मारणार. बापाचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. भट्टीचं छप्पर दिसलं तेव्हा कुठे तिने मनाशी ठरवलं, मरो ते टरबूज, पाजायचंच. तीस वर्षं ज्यांना ज्यांना तिने तहानलेलं परत पाठवलं होतं ते सगळे तिला आठवले, आणि स्वतःची शिसारी आली.

सेवेरो कच्च्या विटांच्या थप्पीला टेकून बसला होता. भोवती माणसं जमली होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागे घ्यावा लागला. अर्धी सुरई तिने त्याच्या डोक्यावर रिकामी केली, उरलेलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या ओठांना लावलं.

"पी, सेवेरो. मी सांगतेय ना, पी."

त्याने तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने, आणि पेला हळूच बाजूला सारला.

"नको, ताई," तो म्हणाला. "टरबूज खाल्लंय मी. माझी बायको फार घाबरते या गोष्टीला. तिला शब्द दिलाय."

आणि त्याने दात घट्ट मिटून घेतले.