पाठीवर टेकवलेलं बोट

माझी शाळा चौथीला सुटली. शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. पोरगी हुशार आहे, काढता कशाला, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, बगिच्यात हात कमी पडतात. ते खरं नव्हतं. हात पुष्कळ होते. वडिलांना डोळे कमी पडत होते.

आमचा संत्र्याचा बगिचा वरूडपासून दोन कोसांवर होता. संत्रं आधी हिरवं असतं, मग त्याच्यावर पिवळसर झाक येते आणि मग ते रंगावर येतं. वडिलांना हा फरक दिसत नसे. पिकलेलं आणि कच्चं, दोन्ही त्यांना एकाच मातकट रंगाचं दिसायचं. झाडाखाली त्यांचं काही अडत नसे. फळ हातात घेऊन ते अंगठ्यानं दाबायचे, साल आतून सुटलेली लागली की समजायचं पिकलं. पण व्यापारी आला, तोडलेल्या फळांचा ढीग लागला, की चार माणसांदेखत एकेक फळ दाबत कसं बसणार? व्यापारी एखादं फळ वर धरून म्हणायचा, हे तर हिरवंच आहे. वडील नुसते त्याच्या तोंडाकडे पाहायचे. तो खरं बोलतो की खोटं, हे त्यांना फळाकडे पाहून ठरवता येत नसे, म्हणून ते माणसाकडे पाहायचे.

म्हणून मला मागे उभं करायला लागले. व्यापाऱ्यानं उचललेलं फळ पिकलेलं असलं तर मी वडिलांच्या पाठीवर एक बोट टेकवायचं, कच्चं असलं तर दोन. लोक म्हणत, पोरगी भारी लाजरी, बापाच्या मागून निघतच नाही. लाजरी मी होतेच. त्या कामानं आणखी झाले.

"कोणाले सांगू नको, माय," वडील म्हणाले होते. "एकदा का त्यायले समजलं, तर दरसाल आपलं समदं फय हिरवंच निघन."

मी कोणाला सांगितलं नाही. मोठा भाऊ शाळेत जात होता. त्याचे डोळे चांगले होते, पण त्याच्या तोंडात काही राहत नसे. त्यामुळे ही नोकरी मला लागली, लग्न होईपर्यंत.

लग्न होऊन मी अमरावतीत आले. राजापेठेत खाली माझ्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि वर आम्ही राहतो. आम्हाला एकच मुलगा. तो बालवाडीत असताना त्यानं एकदा झाड काढलं. पानं तपकिरी आणि बुंधा हिरवा.

"झाड उलटं टांगलं का बे?" म्हणत त्याचे वडील हसले, आणि तो कागद त्यांनी दुकानात येणाऱ्या बायांनाही दाखवला.

मी हसले नाही. मला त्याच क्षणी समजलं. माझे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी जे केलं ते मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. त्याला अक्षरं येऊ लागली तशी मी त्याच्या प्रत्येक रंगखडूला कागदाची चिठ्ठी चिकटवली, 'ला', 'हि', 'त'. खडू झिजला की चिठ्ठी काढून खाली सरकवायची. त्याचे कपडे मी जोडी लावूनच कपाटात ठेवत असे. टमाटर, मिरच्या आणायला त्याला कधी पाठवलं नाही. त्यानं विचारायच्या आधीच मी उत्तर देऊन ठेवायची. चौकातल्या सिग्नलवर वरचा दिवा कोणता, खालचा कोणता, हे पाठ असलं की पुरतं. असं करत तो बावीस वर्षांचा झाला आणि आपल्याला काही रंग दिसत नाहीत हे त्याला स्वतःलाच कळलं नाही.

त्याला रेल्वेत इंजिनावर जायचं होतं. जवळच्याच क्लासमध्ये त्यानं दोन वर्षं तयारी केली. मला वाटायचं, एवढी पोरं बसतात, याचा नंबर कुठला लागतो. देवानं माफ करावं, पण त्याचा निकाल लागला तेव्हा घरात पेढे वाटताना मी मनात म्हणत होते, नसता लागला तर बरं होतं.

वैद्यकीय तपासणीत त्याच्यासमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं. पहिल्या पानावरचा आकडा त्यानं वाचला. पुढच्या पानांवर त्याला नुसतेच ठिपके दिसले. तो परत पाठवला गेला.

"मोबाईल पाहू पाहू डोये नासवले यानं," त्याचे वडील म्हणाले. एकदा नाही, रोज. दुकानात मशीन घेऊन येणाऱ्यांनाही सांगायचे. आणि मुलाला ते पटलं, हे जास्त वाईट झालं. त्यानं मोबाईल कपाटात ठेवून दिला. गुलाबपाणी आणलं. गाजरं खायला लागला. सकाळी मैदानावर दवाच्या गवतातून अनवाणी चालायचा, कोणीतरी सांगितलं होतं की त्यानं नजर सुधारते. पुढच्या भरतीला पुन्हा बसतो म्हणाला. ओले पाय घेऊन जिना चढून यायचा आणि खिडकीतून समोरच्या दुकानाच्या पाटीकडे डोळे ताणून पाहायचा.

त्याला थांबवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. मी रोज स्वयंपाक करताना ते मनात जुळवायची. भाकरी टोपल्यात पडायची, वाक्य तोंडात राहायचं.

अकोल्याला माझी नणंद राहते. तिनं तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीनं गेलो. बाईंनी तेच तसलं पुस्तक काढलं आणि पानं उलटली. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं आहे का?

नवऱ्यानं सांगितलं, आमच्या सात पिढ्यांत कोणाला नाही, हे मोबाईलचं आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमच्या माहेरी?"

मी मुलाच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. माझं मलाच कळलं नाही, माझं बोट त्याच्या पाठीवर टेकलं होतं. तो वळला. त्याला त्या बोटाचा अर्थ कसा समजणार? तो नुसता पाहत राहिला. मग मला तोंडानंच बोलावं लागलं.

"माह्या बाबाले होतं," मी म्हटलं. "अन् याले हाय, हे मले मालूम होतं. हा बालवाडीत होता तवापासून."

मग नवरा म्हणाला, असं कसं होईल, हिच्या भावाला तर सगळं दिसतं. बापाचं पोराला नाही आलं आणि नातवाला आलं?

बाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या. त्या म्हणाल्या, बाईजवळ रंगांचे हे धागे दोन असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मावशींना वडिलांकडून बिघडलेला आला, पण आईकडून चांगला आला, तो सांभाळून घेतो, म्हणून मावशींना सगळं दिसतं. पुरुषाजवळ हा धागा एकच असतो आणि तो आईकडूनच येतो. म्हणून मामा सुटले. तुमच्या मुलाला दोन्हींतला कोणताही येऊ शकला असता. हा आला. यात मोबाईल नाही आणि त्याची चूक नाही, औषधानं, गाजरानंही ते जाणार नाही.

मी त्या दोन रेघांकडे पाहत बसले. वडील गेल्यावर मी तहसीलमध्ये जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतात तशी. बगिचा भावाचा झाला, वडिलांची चाल आणि आवाजही त्याच्याकडेच गेला. मला वाटायचं, मी माहेराहून काही आणलं नाही. एक गोष्ट तेवढी माझ्याकडे आली होती, तिच्यावर सोडायची सही कोणी मागितली नव्हती.

परतीची गाडी मूर्तिजापूरला थांबली. तिथे नवऱ्यानं चहा घेतला आणि पहिला कप मुलाच्या हातात दिला. "मी उगाच बोलत होतो तुले," एवढंच म्हणाला.

मुलानं कप धरून ठेवला. मला म्हणाला, "त्या चिठ्ठ्या... मले वाटे सगळ्यायच्या आया लावतात."

मग थोड्या वेळानं, "तू मले समजूच देलं नाही, आई. दोन वर्षं गेले माहे."

त्याचं खरं होतं. वडिलांना व्यापाऱ्याची भीती होती. माझ्या मुलाला कोणता व्यापारी फसवणार होता? मी मात्र तेच काम करत राहिले, मागे उभं राहून. वडिलांना निदान माहीत होतं की पाठीवरचं बोट कशासाठी आहे.

पंधराएक दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. गवतात जाणं त्यानं बंद केलं. क्लासमध्ये जाऊन कोणत्या परीक्षेला डोळ्यांची ही अट नाही, ते विचारून आला. मग एका संध्याकाळी मी भाजीला निघाले तर तो पिशवी घेऊन माझ्यासोबत आला. ठेल्यावरचं एक टमाटर उचलून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "आई, हे पिकलं काय?"

माझी दोन बोटं उठली होती. ती मी पदरात धरली आणि म्हटलं, "नाही. त्याच्या बाजूचं घे."

ठेलेवाली हसली. म्हणाली, मिशा आल्या पण टमाटर समजत नाही काय गा?

"मले लाल-हिरवं दिसत नाही, मावशी," तो म्हणाला. "आजोबाचे डोये हायेत."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच पिकलेली निवडून पिशवीत घातली.

त्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. याला मुलगा झाला तर त्याला हे याच्याकडून जाणार नाही. मुलगी झाली तर तिच्याकडे नक्की जाईल, पण तिचे डोळे चांगले असतील आणि तिला काही कळणार नाही. त्या मुलीसाठी मी हे त्याच्या क्लासच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवलं आहे. वही त्याच्या शर्टांच्या कप्प्यात आहे. शर्ट आता मी जोडीनं लावत नाही, तो विचारतो आणि मी सांगते.