शिट्टीमामांची हिरवळ

…तर ढगाची सावली हिरवळीवर सरकत आली आणि फाटकाजवळचा दाणेवाला ओरडला, “मामा, वाजवा शिट्टी! ती बघा, न विचारता आत शिरली!” काल इथवर आलो होतो, तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट राहिली. दाणेवाला हसून हसून टोपलीवर आडवा झाला. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी मान वर करून ढगाकडे असं पाहिलं, जणू त्याचा खरंच काही बंदोबस्त करता येईल.

हे शिट्टीमामा म्हणजे शहरातल्या मोठ्या बागेचे माळी. बाग तशी सगळ्यांची. रविवारी माणसं पोराबाळांसकट लोटायची. एका अंगाला झोपाळे नि घसरगुंड्या, दुसऱ्या अंगाला तळं, त्यात पायाने चालवायच्या होड्या, भोवती फिरायला फरशीची वाट. आणि या सगळ्याच्या मधोमध ती हिरवळ. ती मात्र मामांची.

आता गंमत बघा. मामांच्या वडिलांचा जन्म गेला शेतातली हरळी उपटण्यात. हरळी, म्हणजे हेच हिरवळीचं गवत, शेतकऱ्याचा हाडवैरी. एक काडी राहिली तरी वर्षात पुन्हा शेतभर. आणि पोराला शहरात नोकरी लागली ती हीच हरळी वाढवायची! पहिल्या सुटीत गावी जाऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, “याचा पगार देतं कोण? माझा कोणी दुश्मन आहे का तिथे?”

पण मामांनी ती वाढवली. खडे वेचले, लव्हाळा मुळासकट काढला, रबरी पाइप खांद्यावर टाकून उन्हाळे काढले. तळहातावरच्या फोडासारखी जपली. आणि जपायची म्हणजे कोणाला पाय लावू द्यायचा नाही, एवढं एकच त्यांना ठाऊक. त्यासाठी गळ्यात शिट्टी. शिट्टीतही प्रकार होते. मोठ्या माणसांना एक लांब. पोरांना दोन तुटक. आणि झाडाच्या आडोशाला बसलेल्या जोडप्यांना अगदी जवळ जाऊन, कानाशी.

“घरात दोन लेकरं वाढवली, पण एवढा पहारा नाही केलात,” बायको म्हणायची. “त्या गवताला एखादं स्थळ तरी बघा आता.”

बायकोचा टोला वाया जात नसे, पण मामा ऐकल्या न ऐकल्यासारखं करत. एकदा थोरली लेक, तेव्हा शाळेत जाणारी, त्यांचा डबा घेऊन बागेत आली. समोर बाप दिसला, मध्ये हिरवळ. मुलगीच ती, वळसा कशाला घेईल? निघाली धावत सरळ. मामांनी वाजवली. दोन तुटक. पोर जागच्या जागी थांबली. सगळी बाग बघत होती. मग ती आल्या पावली मागे फिरली, फरशीवरून लांबचा वळसा घालून आली, डबा ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून डबा फाटकावर दाणेवाल्याकडे यायला लागला. मामा त्या वेळी दाणेवाल्याला छाती पुढे काढून म्हणाले होते, “माझ्याकडे आपलं-परकं नाही. नियम तो नियम.”

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. सकाळी बाग उघडायच्या आधी ते चपला काढायचे आणि त्या हिरवळीवरून अनवाणी एक चक्कर मारायचे. दंवाने पाऊल भिजायचं, बोटांमधून गवत वर यायचं. तेवढं झालं की चपला पायात, शिट्टी गळ्यात.

मंगळवारी मामांची सुटी. त्या दिवशी बदली पहारेकरी यायचा, तो स्वतःच पहिला हिरवळीवर आडवा व्हायचा. दाणेवाला बुधवारी न चुकता बातमी द्यायचा, “काल काय गर्दी, मामा! आज्या काय लोळत होत्या, बाळं काय रांगत होती! एक गृहस्थ तर घोरत होते.” मामांचं तोंड कडू व्हायचं. सगळा बुधवार ते दबलेलं गवत बोटांनी उभं करण्यात घालवायचे.

आणि मग एके दिवशी मुकादम सांगत आला, “मामा, रविवारी वरून माणसं येणार आहेत. बाग बघायला. आपापला भाग नीट सांभाळा.”

बस्स. मामांच्या अंगात वारं शिरलं. त्यांना वाटलं, हिरवळ बघायला येताहेत. दुसरं या बागेत बघण्यासारखं आहे काय? त्यांनी शनिवारी कडा कापल्या, चारी बाजूंनी नवा दोर बांधला, शिट्टी धुतली. रविवारी एक चष्मेवाली बाई आणि तिच्यासोबत एक तरुण साहेब येऊन समोरच्या बाकावर बसले. झोपाळ्यांकडे बघ, तळ्याकडे बघ, हिरवळीकडे बघ. मामा डोळ्यांत तेल घालून उभे. एक कुटुंब सतरंजी घेऊन आलं, शिट्टी. एका पोराचा चेंडू आत गेला. मामांनी स्वतः आणून दिला, वर दम. एक रांगतं बाळ दोराखालून दोन हात पुढे गेलं, तर त्यालासुद्धा दोन तुटक! बाळाने भोकाड पसरलं आणि आईने ते उचलताना मामांकडे जे पाहिलं, त्याने गवत वाळलेलं असतं तर पेटलंच असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. संध्याकाळी उठता उठता ती बाई जवळ आली. चांगली होती बिचारी, बोलायला मऊ.

“मामा, ही जागा नेहमी अशी रिकामीच असते?”

मामांची छाती शर्टात मावेना. “नेहमी! पाखरूसुद्धा फिरकत नाही, बाईसाहेब.”

“मंगळवारी, बुधवारी?”

मंगळवार त्यांच्या जिभेवर आला होता. आज्या, बाळं, तो घोरणारा गृहस्थ, सगळे आले होते. पण आपल्या पाठीमागे आपल्या हिरवळीवर माणसं लोळतात, हे कोण कबूल करील? “रोजच,” ते म्हणाले.

बाईने मान हलवली. मामांना वाटलं, शाबासकी मिळाली.

पुढे महिना गेला असेल. मुकादम आला तो मान खाली घालून. म्हणाला, “मामा, पाइप गुंडाळून ठेवा. हिरवळ जाणार.”

“जाणार म्हणजे? कुठे जाणार?”

“तिथे गाड्या लावायला जागा करताहेत. रविवारी लोक येतात, गाड्या रस्त्यावर लागतात, पोरं त्यातून वाट काढतात. झोपाळ्यांना गर्दी, होड्यांना गर्दी. एवढी एकच जागा कोणाच्या उपयोगाची नाही, असं दिसलं म्हणे. तुमच्याच तोंडून गेलंय.”

मामा त्याच पावली चपला फटकारत कचेरीत गेले. तीच बाई टेबलामागे होती. तिने ओळखलं, खुर्ची दिली. मामा बसले नाहीत.

“बाईसाहेब, मी खोटं बोललो. येतात लोक. मंगळवारी या, तिथे पाय ठेवायला जागा नसते.”

“पण मामा, आम्ही दोन्ही रविवार तिथेच होतो. एक माणूस नव्हता हो.”

“मी हाकलत होतो ना!”

ते एवढ्या मोठ्याने बोलले, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. बाईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“मामा, मी विचारलं होतं तुम्हाला,” ती हळू म्हणाली. “तेव्हा सांगितलं असतं तर मी भांडले असते. आता सगळं ठरून गेलंय. सोमवारी काम सुरू होईल.”

मामा तसेच माघारी फिरले. घरी आले, तर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. टोला आज नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं.

शेवटच्या रविवारी त्यांनी दोर सोडला. गुंडाळून झाडाखाली ठेवला. मग हिरवळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात हलवून लोकांना बोलवायला लागले, “या! या हो! बसा आज!”

आता इतक्या वर्षांची सवय. मामा हात हलवताहेत म्हटल्यावर कडेने चाललेली माणसं आणखी चार पावलं लांब सरकली. एका बापाने पोराला ओढून कडेवर घेतलं. “आम्ही नाही गेलो आत, मामा!” एक म्हातारे लांबूनच ओरडले. आवाज पोचत नाही असं वाटून मामांनी, सवयीचा हात तो, शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. त्याबरोबर फरशीची अख्खी वाट रिकामी झाली.

दाणेवाल्याला नेहमीसारखं काहीतरी सुचलं असणार. पण त्याने टोपलीवरचं फडकं तेवढं नीट केलं.

मामांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात घातली. चपला काढल्या. हिरवळीवर एकटे बसून राहिले, गवताच्या एकेका काडीवरून बोट फिरवत.

इतक्यात लेक आली. तीच थोरली. आता तिच्या बोटाला तिची पोर होती, नुकती चालायला लागलेली. आईने घरून पाठवलं होतं की आपण होऊन आली, कोण जाणे. हिरवळीच्या कडेशी, जिथे काल दोर होता नेमकी तिथे, ती थांबली. नात पुढे झेपावत होती. लेकीने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. पाय त्या कडेच्या बाहेर, चपला अगदी जुळवून.

“बाबा,” तिने तिथूनच विचारलं, “आत आलं तर चालेल?”

मामांनी वर बघितलं. मग म्हणाले,

“ये गं. तेवढ्या चपला काढून ये, तिच्याही काढ. रोज सकाळी मी एकटाच चालायचो इथे. पायाला कसं लागतं, ते तुला कधी सांगितलंच नाही.”