लिक्युअरमधलं वेखंड

पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि मी जर्मनीत डार्मश्टाटला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. आमच्या प्रोफेसरांकडे सहायकाची एकच जागा रिकामी होती. ती मिळाली तर मी राहणार, नाहीतर बोटीत बसून पुण्याला परत. अशा वेळी इन्स्टिट्यूटची वार्षिक सहल निघाली, आणि तीही दारूच्या भट्टीवर. घरी पत्रात लिहायचं वाक्य मी बसमध्येच तयार केलं: 'वनौषधींचा कारखाना पाहिला.'

भट्टी जवळच्याच खेड्यात होती. मालकांचे पूर्वज धर्मापायी फ्रान्समधून पळून आले, ते एका लिक्युअरची, म्हणजे वनौषधी घातलेल्या गोड दारूची, कृती सोबत घेऊनच. आता ती कृती जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं मालक सांगत. सत्तरीचे गृहस्थ, कोटाची तिन्ही बटणं लावलेली. त्यांनी ज्यात अर्क काढतात तो तांब्याचा हंडा दाखवला. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाहून तो फार वेगळा नव्हता, पण सगळे टोप्या काढून उभे राहिले, म्हणून मीही राहिलो.

मग अंगठ्याएवढे पेले भरले गेले.

"आल्झो, तर मंडळी," मालक म्हणाले, "पाच जिन्नस आहेत. ओळखा बघू."

एक सहकारी म्हणाला, संत्र्याची साल. दुसरा म्हणाला, पुदिना. प्रोफेसरांनी डोळे मिटून घोट घेतला आणि मान हलवली. "याही वर्षी हरलो." मालकांचा चेहरा खुलला.

मी घोट घेतला आणि चाट पडलो. ही तर बाळगुटी! माझ्या पाठीवर पाच भावंडं. आई सांगे, दोन वळसे दे, आणि सहाणेवर उगाळायचं काम माझं. शेवटी बोट चाटायचं कामही माझंच. त्यातून मी पुण्याच्या शाळेत शिकलेला. उत्तर येत असताना गप्प बसणं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. शिवाय जागा एकच होती.

"जायफळ," मी म्हणालो. "सुंठ. वेलदोडा. ज्येष्ठमध. आणि कालमुस." कालमुस म्हणजे आपलं वेखंड.

कुणी शाबासकी दिली नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते हळूच म्हणाले आणि त्यांनी बाटलीला बूच लावलं.

परतताना प्रोफेसर माझ्या शेजारी येऊन बसले. "आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत तपासलं होतं. आम्ही दरवर्षी हरायला जातो."

मला बस थांबवून उतरावंसं वाटलं. इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. प्रोफेसरांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "नाक मात्र चांगलं आहे तुमचं. सोमवारपासून सहायक म्हणून या."

म्हणजे पुढच्या वर्षीही सहलीला जाणं आलं. 'नाही बुवा ओळखता येत' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते मी वर्षभर घोकत होतो, चेहऱ्यासकट. सहलीच्या दिवशी मालकांनी भट्टी दाखवली, पेले भरले, प्रत्येकाशी हात मिळवला, माझ्याशीही. आणि प्रश्न विचारलाच नाही.