मावशीचं एका मिनिटाचं मौन

मेहकरच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. माहितीपट कसा पाहायचा, हा त्यातला एक धडा. कोण बोलतंय, कोणाच्या वतीनं बोलतंय, काय कापलंय, हे विचारत पाहायचं. दरवर्षी मी घसा कोरडा करते आणि पोरं लिहून मोकळी होतात, ‘माहितीपट म्हणजे वास्तवाचा आरसा.’ पालथ्या घड्यावर पाणी! यंदा तर तीच पोरं माझ्या सख्ख्या मावशीबद्दल लिहीत होती, म्हणून माझा राग जास्तच होता.

मावशी अमडापूरजवळच्या खेड्यात अंगणवाडीत आहे. ती बोलायला लागली की समोरच्याचा चहा निवून जातो. शहरातून माहितीपटवाले आले तेव्हा ती एकाच गोष्टीसाठी कॅमेऱ्यासमोर बसली. तिथल्या आमच्या बौद्ध वस्तीला स्मशानात जायला रस्ता नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या वावरातून, चिखल तुडवत मयत न्यावी लागते. मावशीच्या नवऱ्याला नेताना खांदेकरी घसरले आणि तिरडी खाली आली. आता तिची सासू अंथरुणाला खिळलेली. “म्हातारीचं तसं नाई होऊ देनार मी,” असं तिनं कॅमेऱ्याला ठणकावून सांगितलं. मी मागेच उभी होते.

मग आवाज रेकॉर्ड करणारा म्हणाला, आता थोडा वेळ कोणीच बोलू नका, नुसता अंगणातला आवाज हवाय, एडिटिंगला लागतो. मावशी पदर सावरून गप्प बसली. सुपातलं धान्य कोंबडी खात होती, तरी तिनं हात हलवला नाही. कॅमेरा चालूच होता.

माहितीपटात मावशीचं तेवढंच आलं. त्यावर बासरी, आणि कुण्या बाईचा मऊ आवाज: ‘हिच्याकडे दुःख आहे, पण शब्द नाहीत.’

शब्द नाहीत! मावशीकडे!

हाच माहितीपट मी वर्गात दाखवला, तर मुलींनी डोळे पुसले. एकानं लिहिलं, ‘मौन ही शोषितांची भाषा आहे.’ मी त्याला विचारलं, “तिला गप्प बसायला कोणीतरी सांगितलं असेल, असं नाही वाटलं तुला?”

“वाटलं ना मॅडम. व्यवस्थेनं सांगितलं.”

उत्तर चूक म्हणावं तर म्हणता येईना. त्यानं माझं डोकं आणखीच फिरलं.

तिकडे मावशीचा फोन. “काऊन वं, एवढी बोलली मी, थे कुठी गेलं?” मी दिग्दर्शकाला गाठलं. तो म्हणाला, रस्त्याचा मुद्दा फार स्थानिक झाला असता, मौन जगभर पोचतं. मी त्याला नको नको ते बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं, कमीच बोलले.

पुढे त्या माहितीपटाला कुठलंसं बक्षीस मिळालं आणि चिखलीला त्याचा खेळ ठेवला. ज्याच्या सहीनं रस्ता होतो तो साहेब येणार, हे कळल्यावर मावशी ठेवणीतलं पातळ नेसून आली. साहेब पहिल्याच रांगेत होते. मावशी पडद्यावर आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. नंतर तिला शाल दिली. तिनं माईककडे हात नेला, तर निवेदक लगबगीनं म्हणाला, “राहू द्या ताई, तुमचं मौनच बोललं.” टाळ्या पडल्या. हा निवेदक माझाच जुना विद्यार्थी.

मावशी हार मानणारी नव्हे. तिनं साहेबांना गाडीपाशी गाठलं. “सायेब, आमच्या स्मशानाचा रस्ता...”

साहेबांनी हात जोडले. “बाई, आत्ताच पाहिलं मी. आतून हललो. पण रस्त्याचं त्यात काहीच नाही. तेव्हाच बोलायचं होतं ना! एवढी चांगली संधी होती.”

गाडी गेली. मी साहेबांच्या नावानं बोटं मोडत होते. मावशी मात्र माझ्याकडे न बघता, शालीची घडी घालत स्वतःलाच म्हणत होती, “त्या आवाजवाल्यानं गप्प बसा म्हनलं, तं कायले बसली असन मी?”